पिन कुठे टाकायची?

रात्री उशिराचं विमान, देश परका, बाहेर आले तर पाट्यांवरची लिपीसुद्धा ओळखीची नाही, सोबत कोणी नाही, आणि अशा वेळी फोन काढून ते नेहमीचं टॅक्सीचं ॲप उघडलं तर काय, तोच नकाशा, त्याच मुंगीएवढ्या गाड्या, तोच "कुठे जायचंय?" विचारणारा चौकोन. जीव भांड्यात पडला. मी काही हजार किलोमीटर लांब येऊन पोचलेय हे त्या ॲपच्या गावीही नव्हतं.

मग पुढची वीस मिनिटं मी आणि तो ड्रायव्हर एकमेकांना शोधत होतो. पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण, पडली होती खालच्या मजल्यावर, मी उभी वरच्या मजल्यावर, आणि नकाशाला मजले कुठे कळतात. स्क्रीनवर गाडी चक्क माझ्या अंगावरून पलीकडे गेली, समोर रस्ता मात्र रिकामा. त्याने फोन केला. तो त्याच्या भाषेत बोलला, मी इंग्रजीत बोलले, मग दोघांनीही तेच जरा ओरडून सांगितलं, आवाज चढवला की भाषा कळते अशी आपली एक समजूत असते ना. शेवटी तिथे झाडू मारणाऱ्या एका मावशींनी माझा चेहरा बघून हात पुढे केला, फोन घेतला, दोन वाक्यं बोलल्या आणि मला बोटाने जिना दाखवला. झालं काम. एवढं अब्जावधी डॉलरचं सॉफ्टवेअर, आणि शेवटचे पन्नास मीटर त्या मावशींच्या भरवशावर.

तेव्हापासून या टॅक्सीच्या ॲपांचं जगभर पसरणं हे माझं एक वेड होऊन बसलंय. मिळेल ते वाचते, गाडीत बसले की ड्रायव्हरला पिडते. आणि जितकं वाचलं तितकं एकच वाटत गेलं, की या मंडळींना सुरुवातीला खरोखर वाटलं होतं की जग म्हणजे एकच शहर आहे, फक्त जरा ऐसपैस पसरलेलं.

गंमत म्हणजे उबरची गोष्ट सुरूच होते परदेशात. २००८ च्या थंडीत गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कॅलॅनिक एका कॉन्फरन्सला पॅरिसला गेले होते, रात्री टॅक्सी मिळेना, आणि त्यातून कल्पना सुचली, असं कंपनी सांगते. (कंपन्यांच्या जन्मकथा मी पुराणातल्या कथांसारख्याच ऐकते, आवडीने, पण मोजूनमापून नाही.) २००९ मध्ये कंपनी झाली, २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या सुरू झाल्या. तेव्हा नाव होतं 'उबरकॅब'. त्याच वर्षी ऑक्टोबरात नोटीस आली की टॅक्सीचं लायसन्स नसताना टॅक्सी कसली चालवताय, तर यांनी काय केलं, नावातला 'कॅब' उडवला आणि गाड्या चालूच ठेवल्या. पुढच्या दहा वर्षांत देशोदेशी जे काही झालं ते मला या एका नोटिशीत दिसतं. आम्ही टॅक्सी नाहीच मुळी, आम्ही ॲप. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेबाहेरचं पहिलं शहर घेतलं ते पॅरिसच, २०१२ मध्ये लंडन, आणि मग जी घोडदौड सुरू झाली तिला काही लगामच नव्हता.

आणि लगाम नसायला कारणही होतं, कारण यात न्यायचं असं काही नव्हतंच. हॉटेलवाल्याला दुसऱ्या देशात जायचं तर जागा घ्यावी लागते, इमारत बांधावी लागते. इथे गाडी ड्रायव्हरची, पेट्रोल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा, पंक्चर झालं तरी त्याचंच. कंपनी शहरात माणसं पाठवायची ती साधारण तीन, एक प्रमुख, एक ड्रायव्हर गोळा करणारा, एक गिऱ्हाईक गोळा करणारा. संसार थाटायला यापेक्षा जास्त सामान लागतं हो. कित्येक वर्षं अमेरिकेबाहेरच्या राईडची पावती नीट वाचली तर कंपनीचा पत्ता निघायचा ॲमस्टरडॅमचा, म्हणजे जिथे गाडी चालली तिथलाही नाही आणि कंपनीच्या जन्मगावचाही नाही. टॅक्सबिक्सची सोय ती, दुसरं काय.

आता मी काही संत नाही. सुरुवातीची काही वर्षं मी या ॲपांची प्रचारकच होते. एकटी बाई, रात्रीची वेळ, स्टँडवरचा ड्रायव्हर मान फिरवून "नाही येणार" म्हणतोय किंवा पलीकडून फिरवून नेतोय आणि मीटरकडे बघितलं की तोच रागावतोय, हे सगळं जिने सोसलंय तिला विचारा, गाडीचा नंबर आधी कळणं, ड्रायव्हरचं नाव-फोटो दिसणं, चाललेला रस्ता घरच्यांना फोनवर दिसणं म्हणजे काय ते. सौदी अरेबियात जून २०१८ पर्यंत बायकांना गाडी चालवायची परवानगीच नव्हती, त्यामुळे तिथे ॲपच्या गिऱ्हाईकांत बहुतांश बायकाच होत्या. आणि २०१६ मध्ये त्याच देशाच्या सरकारी फंडाने उबरमध्ये साडेतीन अब्ज डॉलर घातले! म्हणजे बायकांना स्टिअरिंग द्यायचं नाही आणि त्यांना मागच्या सीटवर बसवून नेणाऱ्या धंद्यात पैसे मात्र लावायचे. हे वाचलं तेव्हा मी ग्लास हातात तसाच धरून बसले होते. पण ॲपचं म्हणाल तर त्या बाईची सोय झालीच ना, हेही खोटं नाही. आणि लगेच उलटी बाजूही सांगते, २०१८ मध्ये चीनमध्ये दीदी नावाच्या टॅक्सी ॲपच्या गाडी-शेअरिंगच्या सर्व्हिसमध्ये तीन-चार महिन्यांच्या आत दोन तरुण प्रवासी मुलींचे खून झाले, तेव्हा कुठे ती सर्व्हिस थांबवली. फोटो दिसला म्हणजे माणूस कळला असं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर सगळीकडे वरातीमागून घोडं. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते, चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांच्या आतले साधारण २५,००० रस्ते पाठ, तीन-चार वर्षं स्कूटरवर फिरून घोकायचे. आणि एक दिवस शेजारच्या लेनमध्ये असा माणूस येऊन उभा राहतो ज्याच्याकडे फक्त फोन आहे. चिडणार नाही तर काय. ११ जून २०१४ ला लंडन, पॅरिस, माद्रिद, बर्लिन अशा शहरांत टॅक्सीवाल्यांनी रस्ते अडवले, आणि झालं असं की टॅक्सीच नाहीत म्हणून लोकांनी धडाधड ॲप उतरवून घेतलं. हात दाखवून अवलक्षण. पण त्यांचं मूळ म्हणणं चूक नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या केसमध्ये सांगितलंच, की उबर ही नुसती सॉफ्टवेअर कंपनी नाही, ही वाहतुकीची सेवा आहे. म्हणजे २०१० च्या त्या नोटिशीला उत्तर यायला सात वर्षं गेली. मधल्या काळात काय काय चाललं होतं ते २०२२ मध्ये उबरची १,२४,००० कागदपत्रं फुटली तेव्हा कळलं, तपासणीला अधिकारी आले की ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं कनेक्शन लांबून तोडायचं बटण, मंत्र्यांशी गुपचूप भेटी. डेन्मार्कने तर २०१७ मध्ये फार शांतपणे काम केलं, टॅक्सी म्हणायची तर मीटर हवा आणि सीटमध्ये माणूस बसला की कळणारा सेन्सर हवा असा नियम केला, आणि उबर निघून गेली. सीटच्या सेन्सरने जे केलं ते पॅरिसमध्ये जळत्या टायरनेसुद्धा झालं नव्हतं!

पण मला सगळ्यात रस आहे तो चीनच्या प्रकरणात, कारण तिथे या 'जग एकच शहर' वाल्या कल्पनेचे दात घशात गेले.

तिथे आधीच दोन दांडगे होते. दीदी, मागे टेन्सेंट या तिथल्या बड्या इंटरनेट कंपनीचा पैसा. क्वाईदी, मागे अलीबाबाचा पैसा. दोघं एकमेकांची मुंडी मुरगाळत होते, आणि मग फेब्रुवारी २०१५ मध्ये सरळ एकत्रच आले. उबर तिथे गेली तर नकाशा तिथल्याच बायडू कंपनीचा घ्यावा लागला, आणि ज्या वीचॅट ॲपवर तिथलं अख्खं जगणं चालतं ते टेन्सेंटचं, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या पाठीराख्याचं, तिथे उबरची खाती बंद पडायला लागली. मग उरतो एकच मार्ग, पैसा ओतायचा. ड्रायव्हरला भाड्यावर बोनस, कधी तर भाड्यापेक्षा बोनस जास्त. आणि इथे माझे लाडके लोक कथेत येतात, ड्रायव्हर. त्यांनी हिशेब केला की गाडी चालवण्यापेक्षा न चालवण्यात फायदा आहे. ऑनलाईन ग्रुप निघाले. तिथे ड्रायव्हर म्हणायचा, मला इंजेक्शन हवंय. मग एखादी 'नर्स' यायची, म्हणजे खोटं अकाउंट घेऊन बसलेला कोणीतरी, जो राईड बुक करायचा, स्क्रीनवर गाडी फिरायची, पैसे चुकते व्हायचे, बोनस मिळायचा, आणि मागच्या सीटवर कोणीच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले, आणि मग वाटलं, हेच ते 'नॉलेज'. यांना रस्ते पाठ नसतील, पण कंपनी कुठल्या बोळात फसते ते बरोबर पाठ होतं. कॅलिफोर्नियात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या तर शेळ्या काय करतायत हे दिसणार कसं.

२०१६ च्या सुरुवातीला कॅलॅनिकनेच सांगितलं की चीनमध्ये वर्षाला एक अब्ज डॉलर बुडतायत. जुलै संपता संपता सरकारचे नवे नियम आले, त्यात ॲपवाल्या टॅक्सीला मान्यता होती पण खर्चापेक्षा कमी भाडं लावायला मनाई, आणि १ ऑगस्टला उबरने चीनचा धंदा दीदीला देऊन टाकला, बदल्यात घेतला जवळपास पाचव्या हिश्शाला येणारा शेअर. मग तोच पायंडा पडला. रशियात तिथल्या यांडेक्स कंपनीबरोबर, तिथे ३६.६ टक्के. मार्च २०१८ मध्ये आग्नेय आशियातले आठ देश तिथल्याच ग्रॅब ॲपला, तिथे २७.५ टक्के. हरायचं आणि जिंकणाऱ्याच्या दुकानात भागीदार व्हायचं. यात आणखी एक गोम म्हणजे जपानच्या सॉफ्टबँक या गुंतवणूक कंपनीचा पैसा तेव्हा उबरमध्येही होता, दीदीमध्येही, ग्रॅबमध्येही आणि ओलामध्येही. सगळे मल्ल एकाच पैलवानाच्या खुराकावर, मग कुस्ती किती वेळ लांबवणार. प्रवाशाच्या फोनवर एक दिवस दोनाचं एक ॲप झालं आणि भाडी वाढली, सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने चौकशी करून उबर आणि ग्रॅब दोघांना मिळून तेरा दशलक्ष सिंगापूर डॉलरच्या आसपास दंड केला. या व्यवहारांपुढे तो दंड म्हणजे पार्किंगची पावती.

ज्यांनी उबरला पाणी पाजलं त्यांच्याकडे फार भारी सॉफ्टवेअर होतं का? मला नाही वाटत. त्यांना आपली गल्ली माहीत होती. जकार्तात गोजेक २०१० मध्ये सुरू झालं ते वीसेक मोटारसायकलवाले आणि एक कॉल सेंटर घेऊन, ॲप आलं थेट २०१५ मध्ये. तिथल्या ट्रॅफिकमध्ये काळी लांबलचक मोटार मागवण्यात काय अर्थ आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. ग्रॅबची सुरुवातसुद्धा मलेशियात २०१२ मध्ये साध्या टॅक्सीवाल्यांना सोबत घेऊन झाली, त्यांच्याशी भांडून नाही. दुबईच्या करीमने पत्त्याचं दुखणं ओळखलं. आखाती देशांत कित्येक ठिकाणी घराला धड पत्ताच नव्हता, त्या मशिदीमागे, त्या पंपासमोर, असं सांगायचं. त्यांनी पत्ते नोंदवण्याचंच काम करणारी सौदीतली एक छोटी कंपनी विकत घेतली. ड्रायव्हरला 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली. रोख पैसे घेतले. उबरला या रोख पैशाची कोण ॲलर्जी, खिशात हात न घालता उतरायचं हीच तर त्यांची जादू होती, पण क्रेडिट कार्ड नसलेलं जग केवढं मोठं आहे हे कळल्यावर २०१५ मध्ये हैदराबादेत पहिल्यांदा रोख घ्यायला लागले आणि मग इतर देशांतही. ब्राझीलमध्ये रोखीमुळे ड्रायव्हर लुटले जायला लागले, म्हणजे एका शहराचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असंही नाही. करीमला शेवटी ३.१ अब्ज डॉलर देऊन उबरनेच घेतलं. पत्ता शोधायचा महागडा मार्ग.

आणि माझं सगळ्यात आवडतं, याकुत्स्क. सायबेरियातलं शहर, उणे चाळीसच्याही खाली जाणारी थंडी, २०१२ च्या हिवाळ्यात टॅक्सीवाल्यांनी एकदम भाडी दुप्पट केली. तिथल्या पोरांनी सोशल मीडियावर ग्रुप काढला, 'स्वतंत्र ड्रायव्हर' अशा अर्थाचं नाव, मला अमुक ठिकाणी जायचंय, मी एवढे देईन, कोण येतंय बोला. बस. त्याचंच पुढे इनड्राइव्ह झालं, आज चाळीसच्या वर देशांत आहे, आणि त्यांची खुबी एकच, भाडं ॲप ठरवत नाही, प्रवासी आणि ड्रायव्हर घासाघीस करून ठरवतात. इतक्या सगळ्या इंजिनियरांनी ज्या घासाघिशीपासून आपल्याला कायमची सुटका दिली म्हणून सांगितलं होतं, तीच घासाघीस एकाने ॲपमध्ये बसवून विकली आणि लोकांनी घेतली! मला स्वतःला घासाघीस जमत नाही, मी नेहमी फसते, पण सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळचं वाढीव भाडं, लागलं की कोणाशी बोलायचं तेच कळत नाही त्यापेक्षा समोर माणूस असलेला बरा असं थंडीत कुडकुडणाऱ्याला वाटणं मी समजू शकते.

बरं, गल्ली माहीत असलेले बाहेर पडले की त्यांचंही तेच. ओला २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनला गेली, पर्थ काय, कार्डिफ काय, २०२० मध्ये लंडन, तिथे लायसन्सचा नकार, आणि २०२४ मध्ये तिन्ही देशांतून गाशा गुंडाळला. गोजेकला फिलिपिन्सने परकी मालकी म्हणून आतच घेतलं नाही, थायलंडचा धंदा विकला, व्हिएतनाम २०२४ मध्ये सोडलं. घरचं शहाणपण विमानात बसत नाही. अपवाद म्हणावा तर बोल्ट. एस्टोनियातल्या टालिनमधल्या एकोणीस वर्षांच्या पोराने २०१३ मध्ये आईवडिलांकडून पाच हजार युरो उसने घेऊन काढली. पैसा नव्हता म्हणून जिथे मोठ्यांचं लक्ष कमी तिथे, पूर्व युरोपात आणि आफ्रिकेत, काटकसरीने शिरली. लंडनमध्ये मात्र २०१७ मध्ये काही दिवसांत बंद पडली आणि दोन वर्षांनी रीतसर लायसन्स काढून परत आली. आणि आता तर उबरसुद्धा न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सी आपल्या ॲपवर दाखवते, हंगेरीत परत गेली ती तिथल्या जुन्या टॅक्सी कंपनीचा हात धरून. फिरून फिरून भोपळे चौकात.

या सगळ्यात ज्याच्याबरोबर त्याचं काहीच फिरत नाही असा एकच, ड्रायव्हर. एकदा एका गाडीत बसले, तो ड्रायव्हर पूर्वी दुसऱ्या देशात होता, तिथे याच ॲपवर काही हजार फेऱ्या, रेटिंग अगदी पाचाच्या जवळ. देश बदलला आणि सगळं शून्यापासून, नवे कागद, नवी परीक्षा, नवा माणूस. मला एकदम लाजल्यासारखं झालं, कारण माझं रेटिंग माझ्याबरोबर सगळे देश हिंडतं. मी कुठेही उतरले तरी ॲप मला ओळखतं, आणि ज्याने इतकी वर्षं याच ॲपसाठी गाडी हाकली त्याला ओळखत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरांना 'वर्कर' म्हटलं, किमान वेतन आणि पगारी रजा लागू केली. तो निकाल तेवढ्या एका देशापुरता. सीमेच्या पलीकडे बऱ्याच ठिकाणी तेच ॲप, तेच काम, आणि तो पुन्हा 'पार्टनर'. भागीदार म्हणे! आता तर चीनच्या वीराईड कंपनीच्या आपोआप चालणाऱ्या गाड्या अबू धाबीत उबरवर मिळतात, डिसेंबर २०२४ पासून. त्यात पिन चुकली तर फोन कोणाला लावायचा आणि मावशींनी बोलायचं कोणाशी, हा माझा आपला बावळट प्रश्न.

तर तो ड्रायव्हर. त्याच्या डॅशबोर्डवर तीन फोन लावलेले होते, तीन ॲपं. एक सकाळी ऑफिसच्या वेळेला बरं, एक विमानतळाला, आणि तिसरं कमिशन कमी कापतं म्हणून, पण त्यावर गिऱ्हाईक कमी. बोलता बोलता बोट एकावरून दुसऱ्यावर फिरत होतं, भजनात पेटी वाजवावी तसं. तिन्ही कंपन्यांच्या तिन्ही ऑफिसांत हा माणूस 'आमचा ड्रायव्हर' म्हणून मोजला जात असणार.

उतरताना त्याने पेट्रोलच्या पावतीच्या मागे नंबर लिहून दिला. परत कधी जाणार, विचारलं. परवा पहाटे, म्हटलं. त्याने एक आकडा सांगितला, मी उगाच जरा कमी सांगितला, तो हसला, मधे कुठेतरी ठरलं. परवा पहाटे तो दहा मिनिटं आधीच येऊन हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा, कारण पुढे गाडी लावू देत नाहीत हे त्याला माहीत होतं. तिन्ही फोन बंद. विमानतळ जवळ आल्यावर त्याने आरशात बघून विचारलं, वर सोडू की खाली?